कलावस्तूंची पारख : एक दुर्लक्षित व्यवसाय

जुनी वस्तू म्हणजे अडगळ, ही समजूत आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांतही आढळते. माळ्यावरची हस्तलिखिते रद्दीत जातात, बिद्रीची सुरई भंगारवाल्याकडे वजनावर विकली जाते. पण अशाच वस्तूंवर जगात मोठे व्यवसाय उभे आहेत. या क्षेत्रात मुख्यतः तीन कामे असतात. वस्तू जमवतो तो संग्राहक. तिची किंमत ठरवतो तो मूल्यांकनकार. संग्रहालयात तिचा अभ्यास, जतन आणि मांडणी करतो तो क्युरेटर.

अमेरिकेतील स्टुअर्ट केरी वेल्च (१९२८-२००८) हे संग्राहकही होते आणि क्युरेटरही. हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात त्यांनी इस्लामी व भारतीय चित्रकलेचा विभाग अनेक वर्षे सांभाळला. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांनी भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन मांडले. ज्ञानामुळे वस्तूचे मोल कसे वाढते, हे त्यांच्या एका कामावरून समजते.

इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्यासाठी १६ व्या शतकात तबरीझ येथे शाहनाम्याची एक प्रत तयार झाली. तिच्यात २५८ चित्रे होती. १५६८ मध्ये ती उस्मानी सुलतान दुसरा सलीम याला भेट म्हणून गेली. १९५९ मध्ये ती आर्थर हाउटन या अमेरिकन संग्राहकाने घेतली. बहुतेक चित्रांवर चित्रकाराची सही नव्हती. वेल्च आणि मार्टिन डिक्सन यांनी रेषा, रंग, चेहऱ्यांची ठेवण तपासून कोणते चित्र कोणाच्या हातचे, याचा शोध घेतला. हे काम १९८१ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

त्याआधीच हाउटन यांनी ग्रंथ उसवला होता. ७८ चित्रे मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली गेली, काही सुटी विकली गेली. उरलेली ११८ चित्रे १९९४ मध्ये एका आधुनिक चित्राच्या बदल्यात इराणने परत मिळवली. वेल्च यांच्या संग्रहातील एक पान २०११ मध्ये लंडनच्या लिलावात ७४ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. पानागणिक पैसा मिळाला, पण तो ग्रंथ पुन्हा एक झाला नाही.

किंमत ठरवताना पारखी चार गोष्टी पाहतो. वस्तू अस्सल आहे काय? तिची अवस्था कशी आहे? ती किती दुर्मीळ आहे? आणि ती कोणाकडून कोणाकडे आली, याचा लेखी पुरावा आहे काय? चौथी गोष्ट आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. जुनी पावती, पत्र, वस्तूसोबतचा फोटो जपून ठेवावा. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. बिद्रीचा काळा रंग हा मळ नसून कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. तो घासला की वस्तूचे मोल घटते.

कायदाही माहीत हवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. जुनी चित्रे, मूर्ती व सचित्र हस्तलिखिते यांची सरकारी नोंदणी करावी लागते. मात्र अशी वस्तू घरात बाळगणे हा गुन्हा नाही.

एक सावधगिरी महत्त्वाची. किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच असेल, तर त्याच्या शब्दावर सौदा करू नये. दोन ठिकाणी दाखवावे, संग्रहालयातील जाणकारांचे मत घ्यावे. पारखी म्हणून नाव कमवायचे असेल त्यानेही हे पथ्य पाळावे. या धंद्यात भांडवलापेक्षा विश्वास मोठा असतो, आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही.

कारागीर बंधूंनी यातून आणखी एक धडा घ्यावा. आपल्या उत्तम कामावर नाव, गाव आणि साल कोरून ठेवावे, त्याची वहीत नोंद करावी. तबरीझच्या चित्रकारांचे हात ओळखायला विद्वानांना वर्षे घालवावी लागली. तुमच्या नातवाला तुमचे काम ओळखण्यासाठी तेवढे कष्ट पडू नयेत.