घोड्याचा व्यायाम आणि गाजर

घोड्याचा व्यायाम म्हणजे दौड, अशी आपली समजूत. पण आखडलेली मान मोकळी करायची तर? ओढून ती वळत नाही. घोडा उलट ताठतो, आणि बळात आपण त्याला पुरे पडत नाही. म्हणून गाजर दाखवावे. जनावर थोडे चालवून अंग गरम झाले की गाजर छातीशी, मग दोन्ही बाजूंच्या बरगड्यांशी, शेवटी पुढच्या खुरांजवळ न्यावे. तोंड तेथे क्षणभर स्थिरावू द्यावे. (घाई केली तर घोडा फक्त हिसकावायला शिकतो!) २०११ साली प्रसिद्ध झालेल्या स्टब्ज, क्लेटन प्रभृतींच्या अभ्यासात ८ घोड्यांकडून असा व्यायाम ३ महिने करून घेतला, तेव्हा मणक्यांना स्थिर धरणारा कण्यालगतचा स्नायू पुष्ट झालेला आढळला. लंगडणारा घोडा मात्र आधी पशुवैद्याला दाखवावा.