गालिच्यावर रेड वाईन सांडली तर

ग्लास कलंडला की बैठकीतल्या प्रत्येकाकडे एक उपाय असतो. कुणी मिठाचा डबा घेऊन येतो, कुणी ओल्या फडक्याने खसाखसा घासायला बसतो, तर कुणी आत्मविश्वासाने व्हाइट वाईन ओतायला सांगतो. या सगळ्यांना आधी जेवायला बसवा. वाईनचा डाग सहसा निघतो. बिघडतो तो त्यावर घाईघाईने ओतलेल्या पुढच्या गोष्टीमुळे.

मिठाने द्रव ओढला जातो हे खरे, पण ते काम सुती कापड अधिक चांगले करते. लवेच्या मुळाशी शिरलेले मीठ पुरते निघत नाही आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा शोषून ती जागा ओलसर ठेवते. व्हाइट वाईन म्हणजे महागडे पाणी. ती ग्लासातच राहू द्या. साध्या सोडा वॉटरने अपाय नाही, पण साध्या पाण्यापेक्षा ते काही फार वेगळे करत नाही.

पहिले काम टिपण्याचे. पांढरे सुती कापड घ्या: जुना पंचा, धोतराचा तुकडा, बाळाची धुतलेली लंगोटी, काहीही चालेल, पण पांढरेच. रंगीत नॅपकिनचा रंग ओल्या गालिच्यात उतरला तर दुसरा डाग काढत बसावे लागेल, आणि वर्तमानपत्राची शाईही तशीच उतरते. वाईन साचून राहिली असेल तर ती आधी स्टीलच्या चमच्याने उचला. मग कापडाची घडी डागावर ठेवून तळहाताने जोर देऊन दाबा. घडी उलटा, पुन्हा दाबा, भिजली की दुसरी घ्या. हे सगळे कडेकडून मध्याकडे करायचे, नाहीतर डागाचा घेर वाढतो. घासायचे अजिबात नाही. घासल्याने रंग लवेच्या खाली जातो, आणि लोकरीचे तंतू पिंजले जाऊन ती जागा डाग गेल्यावरही वेगळी दिसत राहते. कापडावर रंग येणे बंद होईपर्यंत टिपत राहा. अर्ध्याहून जास्त काम इथेच होते.

मग गार पाणी, पण चमच्याने. दोन चमचे पाणी डागावर सोडायचे आणि लगेच टिपून घ्यायचे, असे पाच-सहा वेळा. तांब्याभर ओतले की रंग पाण्याबरोबर खाली गालिच्याच्या पाठीपर्यंत पोचतो. टफ्टेड गालिच्याच्या पाठीला लेटेक्सचा थर असतो, तो भिजून राहिला की पुढे कुबट वास येतो. पाणी पिण्याचे वापरा. बोअरवेलचे जड पाणी थोडे अल्कधर्मी असते, त्याने डाग करडा पडू शकतो. शिवाय वाईनमध्ये टॅनिन असते आणि लोखंडाशी गाठ पडली की ते काळपट होते, म्हणून गंजक्या बादलीतले पाणीही नको. वाईन गोड असेल, गोव्याकडची पोर्ट असेल, तर पाण्याचे हे हात आणखी वाढवा. साखर लवेत राहिली तर आधी मुंग्या येतात, आणि मग त्या चिकटपणावर धूळ बसून महिन्याभरात काळा ठिपका दिसू लागतो.

इथवर साबण आलेला नाही, आणि तो मुद्दामच मागे ठेवला आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, हे घरोघर माहीत असते. वाईनही अशीच रंग बदलते. द्राक्षाच्या सालीतून आलेले अँथोसायनिन हे तिचे रंगद्रव्य आंबटाच्या संगतीत लाल राहते आणि क्षाराच्या संगतीत निळसर-करडे होते. नाशिकच्या शिराझवर किंवा कॅबर्नेवर धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची साधी पावडर टाकली की डाग निळा दिसतो तो यामुळेच. म्हणून ही दोन्ही औषधे या कामातून बाद. गरम पाणी आणि इस्त्रीही बाद, उष्णतेने रंग पक्का होतो.

आता गालिचा कशाचा आहे ते ओळखा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. मागे लेबल असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर लवेतलाच एक धागा कोपऱ्यातून कापा. झालरीतला नको. झालर म्हणजे गालिच्याच्या उभ्या धाग्यांची टोके आणि ती बहुधा सुती असतात, त्यामुळे फसगत होते. धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर लोकर किंवा खरे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. कागद जळल्याचा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोज. स्वस्तात मिळालेला चकचकीत ‘सिल्क’ गालिचा कागदासारखा जळाला तर तो व्हिस्कोजचा समजा आणि घरगुती उपाय तिथेच थांबवा. ओल्या व्हिस्कोजची ताकद कमी होते, लव चिकटून बसते आणि ती जागा पिवळी पडते. टिपलेत तेवढे पुरे, बाकीचे धुलाईवाल्यावर सोडा. खऱ्या रेशमालाही हाच नियम.

लोकरीसाठी, मग तो भदोहीचा असो की काश्मीरचा, दोन पाणी तयार करा. एका वाटीत कपभर गार पाण्यात लोकरीच्या कपड्यांचे लिक्विड, ‘ईझी’सारखे, पाव चमचा. जास्त घालू नका, फेस जितका जास्त तितका तो लवेतून काढणे कठीण. दुसऱ्या वाटीत एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी. व्हिनेगर पांढरेच हवे, तपकिरी व्हिनेगरचा स्वतःचा रंग असतो. दोन्ही पाणी आधी सोफ्याखाली जाणाऱ्या कोपऱ्यावर लावून दहा मिनिटांनी पांढरे कापड दाबून पाहा. गालिच्याचाच रंग कापडावर आला तर पुढे जाऊ नका.

सगळे ठीक असेल तर लिक्विडच्या पाण्यात कापड बुडवून, पिळून, डागावर दाबा. पाच मिनिटांनी कोरड्या कापडाने टिपा. मग व्हिनेगरच्या पाण्याचा एक हात. या वेळी उरलेला डाग एकदम जास्त लाल दिसेल. घाबरू नका, आंबटपणाने रंगद्रव्य लाल झाले इतकेच, आणि त्या अवस्थेत ते धुऊन निघते. शेवटी साध्या पाण्याचे दोन हात आणि टिपणे. लोकरीला सौम्य आंबटपणा चालतो, क्षार चालत नाही. क्लोरीनचे ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवते.

कृत्रिम धाग्यांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. ते औषधाच्या दुकानात मिळते. बाटलीवर ६ टक्के किंवा ‘२० व्हॉल्यूम’ असे असेल तर तेवढेच पाणी मिसळून ३ टक्क्यांचे करा. दोन चमचे हे पाणी आणि एक चमचा रंगहीन भांडी धुण्याचे लिक्विड ताजे मिसळा. आधी कोपऱ्यावर चाचणी घ्या, कारण पेरॉक्साइड रंगद्रव्य मोडते आणि ते रंगद्रव्य वाईनचे की गालिच्याचे हे त्याला कळत नाही. मग डागावर लावा आणि अर्धा तास तसेच राहू द्या. टिपा, पाण्याचे हात द्या, गरज असेल तर पुन्हा करा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यातला रंग जवळजवळ घेतच नाही, तिथे इतके करावेही लागत नाही. नायलॉन मात्र हट्टी, त्याला दोन-तीन फेऱ्या धरा. उरलेले मिश्रण झाकणबंद बाटलीत ठेवू नका, आतून वायू सुटून बाटली फुगते. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकत्र मिसळायचे नाही, आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर व्हिनेगर कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. हातमोजे घाला, खिडकी उघडा.

वाळवण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि सकाळी ‘डाग परत आला’ अशी हाकाटी होते. पाणी लवेच्या टोकांवरून उडते आणि जाताना मुळाशी राहिलेला रंग वर ओढून आणते. त्यावर उपाय सोपा. पांढऱ्या कापडाची जाड घडी त्या जागेवर ठेवा, वर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन-तीन जाडजूड पुस्तके ठेवा आणि रात्रभर तसेच सोडा. वर येणारा रंग घडीत उतरतो. सकाळी गालिच्याचा तो भाग दोन स्टुलांवर उचलून धरा म्हणजे खालूनही वारा लागेल, आणि पंखा लावा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पोटात ठेवूनही हाताला कोरडी लागते, म्हणून हाताच्या भरवशावर गालिचा लगेच अंथरू नका. पावसाळ्यात आणखी एक दिवस द्या. उन्हात टाकायचाच तर उलटा टाका, पाठ वर.

डाग जुना, वाळलेला असेल तर आधी तो सैल करावा लागतो. ग्लिसरीन आणि कोमट पाणी सारखे घेऊन डाग भिजवा, अर्धा तास थांबा, टिपा, आणि मग वरच्या क्रमाने चला. पूर्ण निघेलच असे नाही. लोकरीवर फिकट गुलाबी छटा राहते, ती पाहुण्यांना दिसत नाही, तुम्हाला मात्र दिसत राहते. जांभूळ किंवा करवंद गालिच्यावर चिरडले गेले तरी हीच कृती, त्यांचा रंगही अँथोसायनिनचाच आहे.

धुलाईला द्यायची वेळ आली तर त्या जागेवर काय काय लावले ते कागदावर लिहून गालिच्याला टाचणीने लावा. व्हिनेगर लावले, पेरॉक्साइड लावले, की मीठ टाकून झाले होते, हे कळल्याशिवाय चांगला धुलाईवाला हात लावत नाही.