जुन्या मदरबोर्डला नवा प्रोसेसर : वेग वाढवण्यापूर्वीचा हिशेब



रंध्याचे नवे पाते आणण्यापूर्वी सुतार जुन्या रंध्याची खाच मोजतो. पाते कितीही धारदार असले तरी खाचेत बसले नाही तर पैसे वाया गेले, हे त्याला शिकवावे लागत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण आधी पाते विकत घेतो आणि मग खाच शोधत बसतो. थळ-अलिबाग पट्ट्यात आज मासळीच्या व्यापाऱ्यापासून फोटो स्टुडिओपर्यंत अनेकांच्या दुकानात दहा-बारा वर्षांचे कॉम्प्युटर आहेत. मशीन मंद झाली की "प्रोसेसर बदला" किंवा "ओव्हरक्लॉक करून देतो" असे सल्ले मिळतात. हे सल्ले केव्हा फायद्याचे आणि केव्हा तोट्याचे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

अडते कुठे, ते आधी पाहा

मशीन मंद आहे म्हणजे दोष प्रोसेसरचाच, असे समजू नये. नेहमीचे काम चालू ठेवून विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा. डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर अडथळा जुन्या हार्डडिस्कचा आहे; तिथे एसएसडी बसवावी. मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवावी. या दोन्ही गोष्टी ठीक असून काम चालू असताना सीपीयूच शंभरावर अडकत असेल, तरच प्रोसेसरकडे वळावे. टॅलीवर बिले करणाऱ्या दुकानात बहुधा एसएसडीनेच काम भागते. लग्नाचा व्हिडिओ तयार करणाऱ्याला किंवा मोठ्या फ्लेक्सचे डिझाइन करणाऱ्याला मात्र प्रोसेसरचा फरक खरोखर जाणवतो.

तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत

पहिली गोष्ट सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा. इंटेलचे ११५५, ११५० आणि ११५१ हे सॉकेट दिसायला सारखे असले तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. ११५१ मध्ये आणखी एक फसगत आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण चालत नाही.

दुसरी गोष्ट बायॉस. २०११ साली बाजारात आलेल्या एच-६१ चिपसेटच्या बोर्डावर इंटेलचे दुसऱ्या पिढीचे प्रोसेसर चालत. तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर २०१२ साली आले आणि ते ओळखण्यासाठी जुन्या बोर्डांना नवा बायॉस भरावा लागला. हा बायॉस जुना प्रोसेसर काढण्याच्या आधी भरावा. नंतर मशीन सुरूच झाली नाही तर भरणार कसा? भरताना मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर विजेचा भरवसा किती, हे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोणाला सांगायला नको. म्हणून हे काम चांगल्या यूपीएसवरच करावे.

तिसरी गोष्ट वीज आणि उष्णता. कोअर आय-३ २१०० हा ६५ वॅटचा, आय-५ ३४७० हा ७७ वॅटचा आणि आय-७ २६०० हा ९५ वॅटचा प्रोसेसर आहे. जुना पंखा आणि जुना पॉवर सप्लाय हा वाढीव भार पेलेल का, ते आधी तपासावे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या प्रोसेसरच्या यादीत नाव नसेल, तर दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नये.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरतो : मूळ ठोका आणि गुणक. आय-३ २१०० चा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३१, म्हणून वेग ३१०० मेगाहर्ट्झ. यांपैकी एखादा आकडा कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

या प्रकाराला नाव मिळवून दिले ते १९९८ सालच्या सेलेरॉन ३००-ए ने. त्याचा गुणक साडेचार होता. मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर धावे आणि पुष्कळ चिप तो ताण सहज सोसत. त्याच दशकात काही लबाड विक्रेते चिपवरचे आकडे पुसून मोठे आकडे छापत आणि चढ्या भावाने विकत. गुणकाला कुलूप लावण्यामागे या लबाडीला आळा घालणे हेही एक कारण होते.

आज जुन्या बोर्डांवर हे कुलूप बहुतेक ठिकाणी आहेच. इंटेलच्या ११५५ सॉकेटवर गुणक वाढवायचा तर नावात 'के' अक्षर असलेला प्रोसेसर आणि झेड-७७ सारखा चिपसेट, दोन्ही लागतात. एच-६१ वर ती सोय नाही. राहतो मूळ ठोका. तो इतर भागांशीही बांधलेला असल्याने काही टक्क्यांपलीकडे नेला की डिस्कवरच्या माहितीला धोका पोहोचतो. समजा, ठोका १०३ केला. साठ मिनिटांचे काम अठ्ठावन्न मिनिटांत होईल. या दोन मिनिटांसाठी वर्षाचे हिशेब धोक्यात घालायचे काय? एएमडीच्या एएम-४ सॉकेटमध्ये बी-३५० आणि बी-४५० बोर्डांवर ओव्हरक्लॉकिंग करता येते; ए-३२० वर येत नाही.

उष्णतेचा हिशेब

वेग वाढवला की बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. विजेचा खप वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे दोन्ही दहा टक्के वाढवले तर खप सुमारे तेहतीस टक्के वाढतो. ७७ वॅटचा प्रोसेसर शंभर वॅटच्या वर जातो. वेगाचा नफा दहा आणि उष्णतेचा खर्च तेहतीस, असा हा सौदा आहे.

त्यात आपला मुलूख समुद्रकाठचा. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खारी दमट हवा धूळ चिकटवते आणि धातूचे भाग गंजवते. पंख्याच्या पात्या धुळीने भरल्या की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच आपला वेग कमी करतो. कित्येकदा पंखा साफ करून थर्मल पेस्ट नवी लावली की गेलेला वेग फुकटात परत मिळतो.

ज्याला ओव्हरक्लॉकिंग करायचेच आहे त्याने आधी सर्व हिशेबांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. वेग थोडा थोडा वाढवून प्रत्येक पायरीवर प्राइम-९५ आणि मेमटेस्ट तासन्‌तास चालवावेत. ही परीक्षा डिसेंबरच्या रात्री घेऊ नये, वैशाखातल्या दुपारी घ्यावी. मशीन बंद पडली तर निदान कळते तरी. ती चालू राहून एखादा आकडा चुकीचा लिहिते, तेव्हा कोणालाच कळत नाही. म्हणून ज्या मशीनवर उधारीची वही आणि जीएसटीची बिले आहेत, तिच्यावर ओव्हरक्लॉकिंग करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खर्च करावा की नाही

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. एच-६१ बोर्डात कितीही महाग प्रोसेसर घातला तरी ही अट पुरी होत नाही. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करणाऱ्याने प्रोसेसरवर मोठी रक्कम घालू नये. लिनक्स वापरावे किंवा ते पैसे नव्या मशीनसाठी राखावेत. एएम-४ बोर्डाची गोष्ट वेगळी आहे. २०१७ सालचा पहिल्या पिढीचा रायझन काढून, बायॉस नवा करून, रायझन ५ ५६०० बसवता आला तर त्याच बोर्डावर विंडोज ११ चा मार्ग खुला होतो. अशा ठिकाणी खर्च रास्त आहे.

जुना प्रोसेसर घ्यायला मांडव्याहून बोटीने मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाणाऱ्यांनी बोर्डाचे नाव, आवृत्ती आणि बायॉसचा क्रमांक लिहून न्यावा. प्रोसेसर दुकानातच चालवून घ्यावा आणि सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये दिसणारे नाव चिपवरच्या नावाशी ताडून पाहावे. एएम-४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात. त्या वाकलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. बदलण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. आणि आपण स्वतः ओव्हरक्लॉक केलेली मशीन पुढे कोणाला विकत असाल, तर ती गोष्ट गिऱ्हाइकाला आधी सांगावी. मालातली खोट झाकून मिळालेला भाव हा नफा नव्हे.