'फ्रोझन रिव्हर': बॅगेतलं बाळ आणि तिसरी आई

पहिल्या दहा मिनिटांत हा सिनेमा बंद करावासा वाटला होता, हे आधीच कबूल करते. एक बाई गाडीच्या दारात बसून सिगारेट ओढते, डोळे पुसते आणि मग उठून कामाला लागते. बस्स. कुणी काही समजावून सांगत नाही.

'फ्रोझन रिव्हर' हा कोर्टनी हंट या दिग्दर्शिकेचा पहिलाच चित्रपट. 2008 साली सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पटकथा तिचीच. जागा न्यूयॉर्क राज्याचं उत्तर टोक, कॅनडाची हद्द, गोठलेली सेंट लॉरेन्स नदी. रेचा (मेलिसा लिओ) जुगारी नवरा नव्या घरासाठी साठवलेले पैसे घेऊन ऐन नाताळच्या तोंडावर पळालाय. दोन मुलं, दुकानात अर्धवेळ नोकरी. ती किती गरीब आहे हे संवादात येत नाही. मुलं सकाळी पॉपकॉर्न खातात आणि टँग पितात, एवढंच दिसतं. लायला (मिस्टी अपम) मोहॉक जमातीची. नवरा गेला, तान्हं मूल सासूने नेलं. या दोघी गाडीच्या डिकीत माणसं लपवून बर्फावरून अमेरिकेत आणतात.

आता सीमेबद्दल. मोहॉकांची अक्वेसास्ने ही भूमी नदीच्या दोन्ही काठांवर आहे, आणि 1794 च्या जे तहात मूळ रहिवाशांचा मोकळेपणाने ये-जा करण्याचा हक्क मान्य झालेला आहे. म्हणून लायलाच्या दृष्टीने तिथे सीमाच नाही. रेच्या दृष्टीने तो गुन्हा आहे, पण हप्ता भरायचाय. (बेळगावात वाढलेल्या मुलीला 'सीमा' शब्द नवा नाही. पण शिनोळीला बसने जाताना सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. डिकीत कुणाला झोपावं लागत नाही.)

मला सगळ्यात जास्त अडवलं ते एका प्रसंगाने. नाताळच्या आदल्या रात्री एक पाकिस्तानी जोडपं डिकीत बसतं. त्यांच्याकडे एक बॅग असते. रेला वाटतं, यात बॉम्ब असेल. ती बॅग बर्फावर टाकून देते. पलीकडे पोचल्यावर कळतं की बॅगेत त्यांचं बाळ होतं. दोघी परत जातात. बाळ सापडतं ते गारठलेलं, मेल्यासारखं. लायला त्याला कुशीत धरून बसते आणि काही वेळाने ते हलतं.

परदेशी जोडपं, थंडी, बाळ. घरी गोठा मांडणाऱ्यांना काय आठवेल ते सांगायला नको. हंट मात्र तिकडे बोट दाखवत नाही, आणि तेच मला आवडलं. आवडलं नाही ते माझं मला. रेने संशय घेतला तेव्हा मलाही तो क्षणभर पटला होता. एका बॅगेकडे आणि दोन चेहऱ्यांकडे बघून. सिनेमाने मला पकडलं, आणि तेही एक शब्द न बोलता.

पण इथेच माझी तक्रारही आहे. परीक्षणांत 'दोन आयांची गोष्ट' असं लिहितात. मी तीन मोजते. त्या पाकिस्तानी आईला जवळजवळ संवादच नाहीत. ती कुठून निघाली, कुणाला किती पैसे दिले, काही कळत नाही. संयत मांडणी म्हणजे न सांगणं, मान्य. पण रे आणि लायलाचं न सांगितलेलंही आपल्याला कळतं, हिचं कळत नाही. हा फरक संयमाचा नाही, कॅमेरा कुणाच्या घरात शिरतो त्याचा आहे.

शेवटाबद्दल मी पहिल्या मसुद्यात 'त्याग' लिहिलं होतं, मग खोडलं. पोलिसांना कुणीतरी एक हवी असते. लायला पकडली गेली तर जमातीतून बाहेर काढली जाईल. रे आधी पळते, मग थांबते, मागे फिरते. गोरी बाई, पहिलाच गुन्हा, शिक्षा थोडक्यात सुटेल, हा हिशेब तिने केलेला असतो. मुलं लायलाकडे सोपवून ती पोलिसांच्या गाडीत बसते. आईला हिशेब करावाच लागतो. लायला मग सासूकडून आपलं मूल उचलून आणते आणि रेच्या घरी येते, तिच्या मुलांजवळ.