जाळे घेण्यापूर्वी

नाशिक जिल्ह्यातील नद्या दोन दिशांना जातात. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरी पूर्वेची वाट धरते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. सुरगाणा तालुक्यातील नार, पार या नद्या मात्र पश्चिमेस वळतात, डोंगर उतरून गुजरातेत शिरतात आणि त्यांचे पाणी अखेर अरबी समुद्रास मिळते. स्वातंत्र्यापूर्वी सुरगाणा हे एक लहानसे संस्थान होते. कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी आदिवासी समाजांची येथे पुष्कळ वस्ती आहे.

या भागात पाऊस भरपूर पडतो. परंतु भूमी उताराची असल्यामुळे पाणी थांबत नाही. आषाढात ज्या ओढ्याला पायउतार मिळत नाही, त्याच्या पात्रात वैशाखात केवळ धोंडे उरतात. नदीत कोठे कोठे डोह राहतात, तेवढेच पाणी. मासेही या पाण्याच्या क्रमानेच वागतात. पहिल्या पुराबरोबर ते प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. पूर ओसरला की ते डोहांत विसावतात. म्हणून येथील मनुष्य प्रथम शेतकरी असतो. नागली, वरई आणि भात ही त्याची पिके. मासे धरणे हा त्याचा जोडउद्योग. त्यामुळे घरच्या भाकरीला कालवण मिळते व क्वचित चार पैसेही हाती येतात.

अशा ठिकाणी जाळ्यावर किती पैसा खर्च करावा? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्याच्या घरी वर्षाचा रोख पैसा एकदाच येतो, त्याच्या दृष्टीने तो लहान नाही. एका कुटुंबाची कल्पना करून आपण त्याचा विचार करू.

वैशाखाचे दिवस आहेत. घरातील कर्ता पुरुष निफाडकडील द्राक्षबागांत मजुरी करून नुकताच परतला आहे. मजुरीतून शिल्लक राहिलेल्या पैशांतून बियाणे घ्यावयाचे आहे, घराचे छप्पर नीट करावयाचे आहे आणि आषाढ-श्रावणात कणगीतील धान्य संपले म्हणजे बाजारातून आणावयाचे आहे. त्याच पैशांतून काही मासेमारीच्या साधनांसाठी काढावे, असा त्याचा विचार आहे. म्हणून तो आपला वृद्ध बाप व सातवीत शिकणारा मुलगा यांना घेऊन आठवडे बाजारास आला आहे.

दुकानात नायलॉनचे एक फेकजाळे टांगलेले होते. त्याच्या कडेला शिशाचे मणी ओळीने ओवले होते. किंमत बाराशे रुपये. मुलाची दृष्टी त्यावरून हटेना.

"बा, हेच घेऊ," तो म्हणाला. "मी हिशेब केला आहे. रोज दोन किलो मासे मिळाले आणि किलोला शंभर रुपये आले, तर रोजचे दोनशे. सहा दिवसांत जाळ्याचे पैसे फिटतील. पुढचा सारा नफाच!"

बाप विचारात पडला. हिशेब ऐकावयास तर बरोबर वाटत होता. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिले.

"पोरा, तुझा गुणाकार बरोबर आहे," आजा शांतपणे म्हणाला. "पण रोज म्हणजे किती रोज? वहीत महिने मांड, आणि ज्या दिवशी जाळे टाकता येणार नाही, तो दिवस खोडत जा."

दुकानाच्या पायरीवर बसून मुलाने महिने मांडले. ज्येष्ठाच्या अखेरीस व आषाढात नदी दुथडी वाहते. तेव्हा पाण्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. ते दिवस गेले. पुढे भाताची आवणी. घरातील प्रत्येक हात चिखलात असतो. तेही दिवस गेले. भाद्रपद-आश्विनात पाणी निवळते, तेवढे दिवस राहिले. त्यातूनही निंदणी-कापणीचे दिवस वजा झाले. दिवाळी झाली की बाप पुन्हा मजुरीस जाणार. सारे खोडून झाल्यावर वहीत वीस दिवस उरले.

"आणि रोज दोन किलो कोण देणार?" आजाने विचारले. "एखाद्या दिवशी दोन मिळतील, पुष्कळ दिवशी ओले जाळे खांद्यावर टाकून रिकामे परतावे लागेल. सरासरी अर्धा किलो धर."

मुलाने पुन्हा आकडे मांडले. वीस दिवसांचे दहा किलो; घरी खाल्लेले मासेही बाजारभावाने धरले, तर वर्षाचे एक हजार रुपये. नदीचे पात्र खडकाळ, म्हणून जाळे दोन वर्षे टिकेल असे धरले. बाराशे किंमत आणि दोन वर्षांच्या दुरुस्तीचे दोनशे, असे चौदाशे. म्हणजे वर्षाला सातशे. हजारातून सातशे वजा जाता तीनशे उरले. वीस दिवसांच्या श्रमांचे तीनशे, म्हणजे दिवसाचे पंधरा रुपये! सहा दिवसांत फिटणाऱ्या जाळ्याचे खरे रूप हे होते.

"मग जाळे घ्यायचेच नाही का?" मुलाचा चेहरा उतरला.

"घ्यायचे, पण आपल्या नदीच्या मापाचे," आजा म्हणाला. "चारशे रुपयांत दोरा आणि शिसे येईल. बांबूची सुई मी करतो. लहानसे जाळे आपण घरीच विणू. मोठ्या जाळ्याइतके मासे त्यात येणार नाहीत, हे खरे."

मुलाने याचाही हिशेब केला. लहान जाळ्यात तीन चतुर्थांशच मासे येतील असे धरले, तर वर्षाला साडेसातशेचे. दोन वर्षांचा खर्च चारशे आणि दुरुस्तीचे दोनशे, म्हणजे वर्षाला तीनशे. शिल्लक साडेचारशे! कमी मासे धरणारे जाळे अधिक शिल्लक टाकत होते. विणण्याचे श्रम त्यात धरलेले नाहीत, हे मुलाने आजाच्या लक्षात आणून दिले. आजा हसला आणि म्हणाला, "ते श्रम उन्हाळ्याच्या रिकाम्या संध्याकाळचे. शिवाय जो स्वतः विणतो, त्याला फाटलेले शिवता येते. विकतचे जाळे फाटले की तू पुन्हा याच पायरीवर येऊन बसशील."

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बापाच्या ध्यानात आली. बाराशेऐवजी चारशे खर्च केल्यास आठशे रुपये हाती राहत होते. श्रावणात कणगी रिकामी झाली असता तेच आठशे रुपये उधारीपासून वाचविणार होते. मासे मिळतील की नाही, हे नदीच्या मर्जीवर. पण श्रावणात भूक लागणार, हे निश्चित होते.

दुकानात आणखी एक जाळे होते. मच्छरदाणीसारखे बारीक विणीचे, आणि किंमत केवळ दोनशे रुपये. मुलाने त्याकडे बोट दाखविताच आजाने मान हलविली. "हे सर्वांत महाग आहे. यातून बोटाएवढे पिलूही सुटत नाही. या वर्षी पिले खाल्ली, तर पुढच्या वर्षी जाळे टाकायचे कशासाठी?"

आजाचे हे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. आपल्या देशातील नद्यांत रोहू, कटला यांसारखे मासे पावसाळ्यातील वाहत्या पाण्यात अंडी घालतात. त्या वेळी अंड्यांनी भरलेली एक मादी पकडली, तर सहस्रावधी मासे जन्मापूर्वीच नाहीसे होतात. नदीतील मोठे मासे हे मुद्दल आणि त्यांची वाढलेली प्रजा हे व्याज. शहाणा मनुष्य व्याजावर निर्वाह करतो. अविचारी मनुष्य मुद्दल खातो. पाण्यात विष कालविणारे अथवा सुरुंग उडविणारे तर सारी तिजोरीच फोडतात. या दोन्ही प्रकारांना मनाई करणारा कायदा आपल्या देशात १८९७ सालीच करण्यात आला.

नायलॉनविषयीही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. पूर्वी जाळी सुताची अथवा तागासारख्या धाग्यांची असत. ती पाण्याने कुजत. म्हणून ती वाळवावी लागत व झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करावी लागत. १९३५ साली अमेरिकेत नायलॉनचा शोध लागला, आणि पुढे जगभरच्या मासेमारांचे हे कष्ट पुष्कळ कमी झाले. नायलॉन कुजत नाही, हा त्याचा गुण. परंतु तोच त्याचा दोषही आहे. पाण्यात हरवलेले अथवा टाकून दिलेले जाळे तेथेच पडून राहते, आणि कोणाच्याही उपयोगी न पडता मासे व खेकडे त्यात अडकून मरतात. म्हणून फाटके जाळे नदीत टाकू नये.

कोणी म्हणेल, मग कोकणचे कोळी बांधव नौका, यंत्र आणि मोठी जाळी यांवर लक्षावधी रुपये का खर्च करतात? त्याचे कारण उघड आहे. समुद्र उन्हाळ्यात आटत नाही. मासेमारी हाच त्यांचा मुख्य व्यवसाय आहे, आणि वर्षातील बहुतेक महिने त्यांची जाळी पाण्यात असतात. तरीही पावसाळ्याच्या आरंभी त्यांच्या यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करण्याच्या प्रथेतही समुद्राविषयीची कृतज्ञता आहे. त्यांचा मोठा खर्च त्यांच्या पाण्याला शोभतो. तोच डोंगरातील ओढ्यावर केला तर अंगलट येईल.

बाजारातून परतताना मुलाच्या हातात दोऱ्याचे रीळ व शिशाची पुडी होती. काही गळही घेतले होते. पुढील महिनाभर अंगणात जाळे विणले जात होते. आजाने प्रत्येक डोळा दोन बोटे आत जातील एवढा ठेवावयास लावला. दाराशी बांबूच्या कामट्यांचा एक सापळाही तयार झाला. त्याला बांबूखेरीज काही लागले नाही.

मृगाचा पाऊस आला. ओढा गढूळ होऊन धावू लागला आणि चढणीचे मासे उसळ्या घेताना दिसू लागले. मुलाने धावत जाऊन जाळे उचलले. आजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज नको," तो म्हणाला. "आज त्यांना वर जाऊ दे. परत येतील तेव्हा आपण येथेच आहोत."

मुलाने जाळे पुन्हा खुंटीला अडकविले. बाजारात केलेल्या हिशेबातील शेवटचा आकडा त्याला त्या दिवशी समजला. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. त्याचप्रमाणे पाणी पाहून जाळे घ्यावे.

शब्दार्थ

पायउतार : पायी ओलांडता येण्याजोगी जागा
कणगी : धान्य साठविण्याची बांबूची मोठी टोपली
फेकजाळे : हाताने पाण्यावर फेकावयाचे गोल जाळे
आवणी : भाताची रोपे उपटून दुसऱ्या खाचरात लावणे
दुथडी : दोन्ही काठ भरून
डोळा : (येथे) जाळ्याच्या विणीतील मोकळी जागा
मुद्दल : मूळ रक्कम
कामट्या : बांबूच्या चिरलेल्या पातळ पट्ट्या

अभ्यास

१. सुरगाण्याच्या नद्या व गोदावरी यांच्या प्रवाहांत कोणता फरक आहे?
२. मुलाच्या पहिल्या हिशेबात गुणाकार बरोबर असूनही कोणती चूक राहिली होती?
३. 'कमी मासे धरणारे जाळे अधिक शिल्लक टाकत होते.' हे आकड्यांनी सिद्ध करा.
४. दोनशे रुपयांच्या जाळ्याला आजाने 'सर्वांत महाग' का म्हटले?
५. नायलॉनचा एकच गुण दोषही कसा ठरतो?
६. 'जिवाशी खेळ', 'अंगलट येणे', 'चेहरा उतरणे' यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
७. तुमच्या घरी घेतलेल्या एखाद्या अवजाराचा खर्च, ते वर्षातून किती दिवस वापरले जाते व किती वर्षे टिकते, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्याचा हिशेब दहा ओळींत लिहा.