अनुपकारी: ज्याच्याकडून काही परत येणार नाही



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 20.

सतराव्या अध्यायात भगवंत आहार, यज्ञ, तप आणि दान या चारही गोष्टींचे तीन-तीन प्रकार सांगतात. आज आपण सात्त्विक दानापाशी आलोय. अर्थ साधा आहे. द्यायला हवं एवढ्याच भावनेने, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला दिलेलं दान ते सात्त्विक. यातला 'अनुपकारिणे' हा शब्द गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्याला कारण आहे मुंबई मॅरेथॉन.

मी धावत नाही. ऑफिसच्या ग्रुपबरोबर ड्रीम रनमध्ये चाललो, बस. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ही मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली आणि आता दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किमीची. ड्रीम रन साधारण सहा किलोमीटरची, सीएसएमटीहून निघणारी. तिची वेळ कोणी मोजत नाही. आजी-आजोबा, लहान मुलं, वेगवेगळे वेष केलेले लोक, संस्थांचे फलक घेतलेले गट, सगळे रमतगमत चालतात. मला जवळजवळ दीड तास लागला, त्यातली दहा मिनिटं तर सेल्फी काढणाऱ्यांच्या मागे थांबण्यातच गेली.

आमच्या कोनहून जाणं म्हणजे आधी दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याण स्टेशन, मग पन्नासेक किलोमीटर लोकल. मॅरेथॉनच्या पहाटे मध्य रेल्वे कल्याणहून जादा लोकलही सोडते. ती खरं तर लांब पल्ला धावणाऱ्यांसाठी. आम्हा चालणाऱ्यांना त्यानंतरची चालते.

आता मुद्द्यावर येतो. शंकराचार्य या श्लोकाच्या भाष्यात 'देश' म्हणजे कुरुक्षेत्रासारखं पुण्यस्थान आणि 'काल' म्हणजे संक्रांतीसारखा पर्वकाळ असं उदाहरण देतात. मॅरेथॉन संक्रांतीच्या आगेमागेच येते, त्यामुळे काळाचा प्रश्न सुटला असं मी गमतीने मित्राला म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "काळ ठीक आहे रे, पण तू दिलंस काय?"

प्रश्न बरोबर होता. चालण्याने कोणाचंही पोट भरत नाही, कोणाचं ऑपरेशन होत नाही. उलट मलाच सगळं मिळालं. मोकळा रस्ता, रविवारची हवा, दोन्ही बाजूंनी टाळ्या, ऑफिसच्या ग्रुपवर फोटो, वर व्यायाम. नोंदणीची फी आणि देणगी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फी आयोजनासाठी जाते. संस्थांना पैसा मिळतो तो लोकांनी त्या निमित्ताने वेगळा जमवला तर. मुंबईत ते काम युनायटेड वे मुंबईमार्फत चालतं. म्हणजे दान चालण्यात नव्हतं. ते आधीच्या महिनाभरात होतं, मी लोकांकडे पैसे मागितले तेव्हा.

आणि तिथे हा शब्द अडतो. ऑफिसात देणगी मागितली की लोक देतात, पण कशासाठी? मागच्या वर्षी मी त्यांच्या मोहिमेला दिले होते म्हणून. किंवा टीम लीडने मेल पाठवलाय, नाही कसं म्हणायचं म्हणून. पुढचाच, 21 वा श्लोक असं दान राजस म्हणतो: परतफेडीसाठी, फळावर नजर ठेवून किंवा मनाला क्लेश देत दिलेलं. तिन्ही लक्षणं एका मेलच्या उत्तरात सापडतात! (80जीच्या पावतीचं काय, असं काही जण विचारतील. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतच नाही, त्यामुळे अनेकांपुरता तो मोह सरकारनेच काढून टाकलाय.)

तरी मी राजस दानाला नावं ठेवणार नाही. ज्या मुलाची फी भरली जाते त्याला पैशाचा गुण दिसत नाही. पण 22 वा श्लोक मला जास्त टोचतो. सत्कार न करता, अवज्ञेने दिलेलं दान तामस, असं तो सांगतो. हे मी घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलंय. चौथीत असताना आम्हाला दप्तरं वाटली होती. स्टेजवर एकेकाचं नाव, मग 'वडील काय करतात' ते माइकवरून, मग पाहुण्यांबरोबर फोटो. फोटो नीट आला नाही म्हणून मला दप्तर परत देऊन पुन्हा घ्यायला लावलं. दप्तर चांगलं होतं, चार वर्षं टिकलं. पण मी ते नेहमी पुढची बाजू पाठीकडे करून अडकवायचो, कारण तिच्यावर देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं होतं.

म्हणून रस्त्यावर आमच्यातलंच कोणीतरी व्हीलचेअरवरच्या सहभागींकडे बघून "बिचारे" म्हणालं, तेव्हा मला कसंतरी झालं. ते स्वतःच्या शर्यतीसाठी आले होते. आमच्यापेक्षा जास्त तयारी करून.

या वेळी पैसे मागताना मी तीन गोष्टी पाळल्या. ऑफिसच्या ग्रुपवर कोणी किती दिले याची यादी टाकली नाही. संदेशात एकाही मुलाचा फोटो घातला नाही. संस्था काय करते आणि पैसा कशावर खर्च होतो एवढंच लिहिलं. आणि माझ्याशी देण्याघेण्याचा काही संबंध नाही अशांनाही तो पाठवला: आमच्या सोसायटीत, भजनाच्या ग्रुपवर, कोनच्या जुन्या मित्रांना. यातले बरेच भिवंडीच्या गोदामांत काम करतात. मागताना जीभ जड होत होती, हे खरंय. स्वतः देणं त्यापेक्षा सोपं असतं.

रक्कम फार जमली नाही. पण मोहिमेच्या पानावर एक नोंद आहे, 151 रुपयांची, नावाच्या जागी 'अनामिक'. पाठवण्याची वेळ रात्री अडीचची. माझ्या ओळखीत त्या वेळी जागे असणारे म्हणजे एक तर अमेरिकेच्या शिफ्टवाले, नाहीतर गोदामात रात्रपाळी करणारे. मी दोन-तीन जणांना आडून विचारलं, कोणी कबूल केलं नाही. आभार मानायचे राहिलेत.

उद्या श्लोक 21, मनाला क्लेश देत दिलेलं दान. तोवर 20 वा श्लोक एकदा मोठ्याने वाचा.

राम कृष्ण हरी.