सी. टी. स्कॅनपूर्वी रुग्णाने काय सांगावे ?

सांगली जिल्ह्यातील विटा हे शहर व त्याचा परिसर सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायामुळे देशभर परिचित आहे. येथील अनेक कुटुंबे या व्यवसायासाठी परराज्यांत स्थायिक झाली आहेत. अशा कुटुंबातील रुग्ण उपचारासाठी गावी आला आणि पूर्वीच्या स्कॅनच्या फिल्म परगावीच राहिल्या, तर तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ येते. प्रश्न केवळ खर्चाचा नसतो.

सी. टी. स्कॅन म्हणजे शरीराभोवती क्ष-किरण फिरवून संगणकाच्या साहाय्याने आतील भागाच्या चकत्यांसारख्या प्रतिमा मिळविणे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विंबल्डन येथे पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. या शोधाबद्दल हाउन्सफिल्ड व कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निसर्गतः माणसास वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट प्रारण मिळते. पोटाच्या एका स्कॅनमध्ये ते दहाच्या आसपास जाते, तर छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये ते फार तर ०.१ असते. एका स्कॅनने होणारा धोका अल्प आहे आणि गरज असताना भीतीपोटी तपासणी टाळणे अधिक घातक. मात्र विनाकारण पुनरावृत्ती नको, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. म्हणून जुन्या फिल्म, सी. डी. व अहवाल सोबत न्यावेत.

रक्तवाहिन्या किंवा गाठ स्पष्ट दिसावी यासाठी काही वेळा शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. ते टोचताना अंगात ऊब पसरते, तोंडास धातूसारखी चव येते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु अंगावर गांधी उठू लागल्या किंवा धाप लागली, तर तत्क्षणी सांगितले पाहिजे. पूर्वी अशा औषधाने त्रास झाला असल्यास, दमा अथवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते आधीच कळवावे. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून डॉक्टर रक्तातील क्रिएटिनिन तपासून घेतात. मधुमेही रुग्णाने मेटफॉर्मिन चालू असल्याचे सांगावे. गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. गर्भ राहिल्याची नुसती शंका असली तरी स्त्रीने संकोच न करता ती बोलून दाखवावी. सासू किंवा दीर सोबत असताना हे अवघड जाते. अशा वेळी परिचारिकेने तिला एकटीला बाजूस घेऊन विचारलेले बरे.

'उपाशी या' या सूचनेचा अर्थ पुष्कळांकडून निर्जळी एकादशीसारखा लावला जातो. शरीरातील पाणी कमी झाल्यास मूत्रपिंडावरील ताण वाढतो. म्हणून अन्न किती तास वर्ज्य, पाणी चालेल का आणि रक्तदाबाची गोळी घ्यावी का, हे केंद्रात स्पष्ट विचारावे. अपघातात डोक्यास मार लागला असेल किंवा पक्षाघाताची शंका असेल, तर उपाशीपोटाची वाट पाहात बसू नये. मेंदूचा पहिला स्कॅन बहुधा औषधाविना तातडीने होतो.

गलाईवाल्यांच्या गावात दागिन्यांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यकच. सोने जड धातू असल्याने क्ष-किरणांस अडविते व प्रतिमेत पट्टे उमटतात. तपासावयाच्या भागावरील दागिने तेवढे काढावे लागतात. पोटाच्या स्कॅनसाठी नथ उतरविण्याचे कारण नाही. छातीच्या स्कॅनसाठी मात्र मंगळसूत्र काढून घरच्या माणसाजवळ द्यावे. एम. आर. आय. मध्ये लोहचुंबक असतो, तेथील नियम याहून कडक आहेत.